समन्स घेऊन घरात बसू नका
भाऊ, काकाले 2015 पासून थकलेल्या क्रेडिट कार्डाचा समन्स आला अन् ते म्हणतात कापूस विकला की भरतो असं लिहून देतो, तर आधी थांबवा त्यायले. अशा वसुलीच्या दाव्याले मुदत 3 वर्षांची असते, पण मुदत गेल्यावरही सही करून भरतो असं लिहून दिलं तर तो नवा करार होते. मुदत गेली का ते समजाले शेवटचा हप्ता कधी भरला ते पासबुकात पाहा. आमचे मामा सोयाबीनच्या गडबडीत तारखेले गेलेच नाही, एकतर्फी हुकूम झाला, लय वाईट वाटलं. लेखी जवाब साधारण 30 दिवसांत द्या लागते, समरी दावा (झटपट निकालाचा दावा) असन तर 10 दिवसांतच हजेरी. वकिलाले पैसे नसन तर तालुका विधी सेवा समितीत उद्याच जा.