मैल्याच्या गॅसप्लँटात पऱ्हाटीचा कोळसा टाकावा का?

कापूसवाला, यवतमाळ जिल्हा:
आमच्याकडे सेप्टिक टाक्यांच्या मैल्यावर गॅसप्लँट बांधला आहे. गॅस निघतो, पण शेगडी फुरफुरून विझते. इकडे दर उन्हाळ्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, बांधावर जाळून टाकतो. माझं म्हणणं, त्याच पऱ्हाट्या हवा कोंडून जाळा, कोळशाची भुकटी करा न टाकीत घाला. कोळशाच्या बारीक छिद्रांत जिवाणू घर करतात, एकमेकांना थेट इलेक्ट्रॉन पोचवतात, आम्ल साचत नाही आणि मिथेन करणारे जिवाणू तग धरतात. जोडीला लेथवरचा लोखंडी कीस टाकला तर हायड्रोजन सल्फाइड लोखंडाला चिकटून बसतो, बर्नर गंजत नाही. माल फुकटचा आहे, काऊन थांबायचं?

गॅसप्लँट मिस्त्री:
भाऊ, शास्त्र बरोबर आहे, क्रम चुकला. घराच्या टाकीत तीन-चार वर्षं पडलेला मैला तिथंच कुजून जातो. त्यातला बराचसा गॅस व्हेंट पाइपातून कधीच उडाला. उरल्या चोथ्यात कोळसा घालून गॅस कुठून येणार? शहरातल्या सांडपाणी केंद्राचा ताजा गाळ वेगळा, प्रयोग बहुतेक त्याच्यावर झालेत. दुसरं, मैल्यात नायट्रोजन फार. टाकीला एका भाग नायट्रोजनामागं २० ते ३० भाग कार्बन पाहिजे, मैल्यात त्याच्या निम्माही नसतो. मग अमोनिया चढतो. त्यात रोजचं शेण आणि गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा-काड, घाला. गव्हांडा कुटून, भिजवूनच, नाही तर वर जाड साय धरते. तिसरं, थंडी. या जिवाणूंना ३५ ते ३७ अंश लागतात, आपल्याकडं डिसेंबरात रात्रीचा पारा १० च्या आसपास येतो. आधी टाकीभोवती कुटाराचा, म्हणजे मळणीत उरलेल्या भुशाचा, थर द्या.

कापूसवाला:
ताज्या मालाचं पटलं. पण कोळसा अमोनियाही काही प्रमाणात धरून ठेवतो, अन् स्लरीसोबत, म्हणजे टाकीतून निघणाऱ्या पातळ खतासोबत, वावरात जातो. तो वाया नाही.

ग्रामपंचायत सदस्या:
दोघंही गॅसवरच अडलात. लेथचा कीस तळाशी बसणार, पंप तुंबणार. मग टाकीत उतरणार कोण? सुरक्षेच्या साधनांविना माणूस उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, तरी बोलावणं कोणत्या वस्तीत जातं ते प्रत्येक गावाला माहीत आहे. बाहेरून ढवळता येईल, तळाचा गाळ व्हॉल्व्हनं काढता येईल, एवढं झाल्याशिवाय मी कशालाच हात वर करणार नाही. आणि ३५ अंशांत जंतांची अंडी मरत नाहीत. ती स्लरी तशीच मेथी-पालकाला देऊ नका. ढिगात ५५ अंशांवर काही दिवस तापू द्या.

कापूसवाला:
ताई, कीस मागं घेतो. कोळसा नाही घेत. तीन ड्रम लावू: एकात नुसता मैला, दुसऱ्यात लिटरमागं १० ग्रॅम कोळसा, तिसऱ्यात मिस्त्रींचं शेण-गव्हांडा. महिनाभर रोज गॅस मोजू.

गॅसप्लँट मिस्त्री:
चौथा लावा, शेण-गव्हांडा अन् कोळसा दोन्हीचा. आणि जानेवारीत मोजा. मे महिन्यात कोणताही प्लँट चालतो.