शब्दचर्चा : ‘फिरते वजन’ म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न : ठाण्यात वागळे इस्टेटच्या गॅरेजांत मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्स कारविषयी बोलणे निघाले की ‘फिरते वजन कमी करा’ हा सल्ला हमखास मिळतो. कोणी त्यात फक्त फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चक्र) धरतो, कोणी अलॉय चाके, तर कोणी ब्रेकचे कॅलिपरसुद्धा. या शब्दाची व्याप्ती किती, आणि लेखात त्याऐवजी काय लिहावे?

पहिले उत्तर : कॅलिपर आधी वगळावा. ब्रेकची डिस्क चाकाबरोबर फिरते, कॅलिपर मात्र न फिरता तिला पकडतो. त्यामुळे तो ‘स्प्रिंगखालचे वजन’, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर न तोललेले वजन, या वेगळ्या गटात मोडतो. फ्लायव्हीलचे याच्या उलट आहे, कारण ते फिरते खरे, पण इंजिनासह स्प्रिंगच्या वर असते. चाक, टायर आणि डिस्क दोन्ही गटांत येतात. गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच असावे.

लेखासाठी मी ‘परिवलन जडत्व’ सुचवेन. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याला शाळेपासून आपण परिवलन म्हणतो, त्यामुळे ‘घूर्णन’पेक्षा तो शब्द जवळचा वाटतो, शिवाय येथे नुसत्या वजनाचा प्रश्न नसून ते आसापासून किती दूर आहे याचाही आहे, कारण अंतर दुप्पट झाले की तेवढेच वस्तुमान फिरवायला चौपट जड जाते.

दुसरे उत्तर : व्याप्तीइतकाच गिअरही महत्त्वाचा आहे. फ्लायव्हीलमधून सरासरी १० सेंमी त्रिज्येवरचे ३ किलो कमी केले, चाकाची त्रिज्या ३० सेंमी आहे आणि पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे १२ फेरे होतात असे धरले, तर वेग घेताना त्या ३ किलोंखेरीज आणखी ४८ किलो उतरल्यासारखा परिणाम होतो. शेवटच्या गिअरमध्ये हेच प्रमाण ३ फेऱ्यांवर आले की ४८ चे ३ च उरतात. टायरच्या कडेवरचा १ किलो मात्र कोणत्याही गिअरमध्ये फार तर २ किलोंइतकाच भरतो. म्हणून फिरते वजन घटवल्यावर केला जाणारा ‘ताकद वाढली’ हा शब्दप्रयोग मला सरळ चुकीचा वाटतो. इंजिनाची शक्ती तेवढीच राहते, कमाल वेगही बदलत नाही. सुधारतो तो पिकअप, आणि या अर्थाने ‘पिकअप’ हा आपला रुळलेला शब्द अधिक प्रामाणिक आहे.

तिसरे उत्तर : कोशातला ‘प्रचक्र’ हा शब्द गॅरेजमध्ये कोणी उच्चारणार नाही, तेव्हा फ्लायव्हीलच ठेवावे. त्यासोबत ‘हलके’ हे विशेषण निव्वळ स्तुतीचे समजू नये, एवढे जोडतो. फ्लायव्हील इंजिनाचे हिसके पचवते. ते हलके केले की आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) झटकन चढतात आणि क्लच दाबताच तसेच झटकन पडतात, गिअर बदलताना याचा फायदा होतो, परंतु घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर रांगत जाताना हाफ क्लचवर गाडी बंद पडण्याचा संभव वाढतो. २०१६ च्या पोर्श ९११ आर या मॅन्युअल गाडीतही एकसंध, हलके फ्लायव्हील सरसकट न देता ऐच्छिक ठेवले होते. मूळचे ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील लेथवर पातळ करून घेण्यालाही काही जण ‘हलके करणे’ म्हणतात. त्याला ‘कमकुवत करणे’ म्हणावे, कारण जास्त फेऱ्यांवर ते फुटू शकते.