टोल्किन पोरांचा आणि ग्रिमडार्क मोठ्यांची? अजिबात नाही

पिंपळपान

'फँटसी वाचायला कुठून सुरुवात करावी' या धाग्यावर 'काळा कावळा' यांनी जो प्रतिसाद दिला तो चार दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टोल्किन म्हणजे चांगले विरुद्ध वाईट, शेवटी चांगल्यांचा विजय, शाळकरी वयात ठीक. समज आली की माणसाने ग्रिमडार्ककडे, म्हणजे कुणीच धड चांगलं नसलेल्या काळोख्या, रक्ताळलेल्या फँटसीकडे वळावं, मार्टिन ('गेम ऑफ थ्रोन्स'वाला) वाचावा, ॲबरक्रॉम्बी वाचावा. शिवाय ज्याला आपल्या जादूचे नियम सांगता येत नाहीत तो लेखक आळशी.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' शेवटपर्यंत वाचलेल्या माणसाने हे लिहावं याचं मला खरंच वाईट वाटलं. अहो, त्यातला नायक ऐन वेळी हरतो! दुष्ट अंगठी नष्ट करायच्या ज्या कामासाठी मैलोन् मैल पायपीट केली, ते काम करायला फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा राहतो आणि सांगतो की मी हे करणार नाही. अंगठी बोटात चढवतो. ती नष्ट होते ती तिच्या मोहाने वेडा झालेला गोलम त्याचं बोट दातांनी तोडतो आणि तोल जाऊन खाली पडतो म्हणून. आता गोलम तिथवर जिवंत कसा पोचला ते आठवा. आधी बिल्बोने, मग फ्रोडोने, अगदी शेवटी सॅमने, मारणं हातात असताना त्याला सोडलेलं असतं. जग वाचतं ते कधीतरी मागे दाखवलेल्या दयेमुळे, आणि नायकाच्या वाट्याला पराभवच येतो. यात काळं-पांढरं कुठे आहे?

आणि पुढचं? घरी परत येतात तर शायरमधली झाडं तोडलेली, गावावर गुंडांचं राज्य. सिनेमात हे प्रकरण गाळलंय, त्यामुळे निम्म्या लोकांना माहीतच नाही. फ्रोडोची जखम दर वर्षी ६ ऑक्टोबरला पुन्हा दुखते. त्याला आपल्याच गावात राहवत नाही. हे लिहिणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत होता, जवळचे मित्र युद्धात गमावून बसला होता. त्याला काळोखाची शिकवणी लावायची गरज नव्हती.

नियमांचं म्हणाल तर ल ग्विनची १९६८ची 'अर्थसी' काढा. त्यातला शिकाऊ जादूगार गेड तारुण्याच्या घमेंडीत मेलेल्या माणसाचा आत्मा बोलावतो आणि त्या फटीतून एक सावली बाहेर पडते. त्याला वाचवायला धावून आलेला मुख्य जादूगार जीव गमावतो. पुढे पुस्तकभर ती सावली त्याच्या मागे, मग तो तिच्या मागे. कोष्टक कुठेच दिलेलं नाही, पण प्रत्येक मंत्राची वसुली होते. याला आळस म्हणता?

काळा कावळा

माझा प्रतिसाद अर्धा उचललात. फ्रोडोचं माहीत आहे मला, पुस्तक तीनदा वाचलंय. माझा मुद्दा ऑर्क्सचा, म्हणजे टोल्किनच्या शत्रूपक्षातल्या राक्षसी सैनिकांचा होता, त्याला तुम्ही शिताफीने बगल दिलीत. एक अख्खी जमात जन्मतःच वाईट, मारली तरी कुणाला काही वाटत नाही. नायकांच्या बाजूचे लेगोलास आणि गिमली तर किती मारले याची मोजणी लावून पैज खेळतात. हे प्रौढ साहित्य?

मार्टिनने एका मुलाखतीत विचारलं होतं की ॲरागॉर्न राजा झाला, शहाणपणाने राज्य केलं असं आपण वाचतो, पण त्याचं करधोरण काय होतं? उरलेल्या ऑर्क्सचं त्याने काय केलं? मी महसूल खात्यात नोकरी करतो. वरती माणूस बदलला की खाली सातबाऱ्यावर काय उलथापालथ होते ते रोज बघतो. त्यामुळे मार्टिनचा नेड स्टार्क नुसता सज्जन आहे म्हणून राज्य चालवायला निघतो आणि त्याचं मुंडकं उडतं, तेव्हा मला वाटलं की कुणीतरी पहिल्यांदा खरं लिहिलंय.

निवडुंग

जादूच्या नियमांबद्दल काळा कावळा यांच्या बाजूने. सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) पोटातलं पोलाद 'जाळलं' की जवळचा धातू ढकलता येतो. नायिका व्हिन नाणं खाली टाकते आणि ढकलते. नाणं जमिनीला टेकलेलं, त्याला जायला जागा नाही, म्हणून ती स्वतःच वर उडते. तेच नाणं हवेत असेल तर नाणंच उडून जाणार, कारण ते तिच्यापेक्षा हलकं. मी कारखान्यात काम करतो, मला हे वाचताना हात शिवशिवले. पुढची मारामारी लेखक जिंकून देत नाही, ती स्वतः जिंकते.

पण 'आळशी' हा शब्द चुकीचाच. खुद्द सँडरसनने २००७च्या लेखात लिहिलंय की वाचकाला जादू जेवढी समजली असेल तेवढीच ती अडचण सोडवायला वापरावी. गूढ जादूला त्याची ना नाही, ती अद्भुताची भावना द्यायला असते. त्याने तिथे टोल्किनच्या जादूगाराचं, गँडाल्फचंच उदाहरण दिलंय.

रात्रपाळी

ग्रिमडार्क प्रौढ आहे का ते नंतर ठरवा. प्रौढ माणूस हाती घेतलेलं काम पुरं करतो. मार्टिनचा पाचवा भाग २०११ला आला. सहावा कुठे आहे?

चौथ्या भागाच्या शेवटी (२००५) त्याने स्वतः वाचकांना लिहिलंय की उरलेली पात्रं पुढच्या वर्षी येतील अशी मनापासून आशा आहे. ती यायला सहा वर्षं लागली. पुढच्या भागाला त्याच्या दुपटीहून जास्त वर्षं होऊन गेली.

माझ्या दादाने ही मालिका फोर्टच्या फुटपाथवरून एकेक भाग घेऊन वाचली. पाचव्याच्या शेवटी जॉनला त्याचीच माणसं भोसकतात, त्या पानाच्या समासात त्याने पेन्सिलीने लिहिलंय, 'हा मेलेला नाही.' दादा २०१८ मध्ये गेला. टीव्ही मालिका त्याने मुद्दाम बघितली नव्हती, आधी पुस्तक संपू दे म्हणायचा. तेव्हा मला कृपा करून कुणी कलावंताच्या स्वातंत्र्याबद्दल सांगू नका.

गावठाण

रात्रपाळी, तुमच्या दादाबद्दल वाईट वाटलं. तरी सांगतोच. तुम्ही पाच पुस्तकांचे पैसे दिलेत, पाच पुस्तकं मिळाली. सहाव्याचा करार झाला नव्हता. मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहितो. एका वर्षी संपादकांचे फोनवर फोन, म्हणून कथेचा शेवट एका रात्रीत उरकून दिला. छापून आली. त्या कथेतल्या बाईचं मी वाटोळं केलं, आणि ते आता दुरुस्त होत नाही. घाईने संपवलेल्यापेक्षा न संपवलेलं बरं, हे माझं ठाम मत.

मार्टिनची अडचण काय आहे तेही बघा. तिसऱ्या भागानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायचा त्याचा बेत होता, मुलं मोठी व्हावीत म्हणून. लिहिताना जमेना, बेत सोडला. मग मजकूर इतका फुगला की पुस्तक प्रदेशानुसार दोनात कापावं लागलं, म्हणून चौथ्यात जॉन, डेनेरिस, टिरियन या मुख्य पात्रांची प्रकरणंच नाहीत. तो नकाशा आखून लिहिणारा नाही, बी पेरून काय उगवतं ते बघणारा आहे. अशा लेखकाला तारीख मागता येत नाही.

रात्रपाळी

एका कथेची आणि माणसाच्या अर्ध्या आयुष्याची बरोबरी करताय? 'करार झाला नव्हता' हे वाक्य पुन्हा वाचा आणि सांगा, तुमच्या वाचकाला तोंडावर असं म्हणाल? मालिका म्हणून विकली, 'पुढे चालू' म्हणून विकली. आपण पात्रांची नावं लक्षात ठेवली, घराणी पाठ केली. तो शब्द दिलेलाच असतो, कागदावर असो वा नसो. आणि एकटा मार्टिन नाही. रॉथफसचा दुसरा भागही २०११चा, तिसऱ्याचा पत्ता नाही.

निवडुंग

संपवायचंच म्हटलं तर कसं संपवतात याचं उदाहरण आहे. 'व्हील ऑफ टाइम', पहिला भाग १९९०. रॉबर्ट जॉर्डनला असाध्य आजार झाल्याचं कळलं, तेव्हा त्याने शेवटाचे तपशील घरच्यांना सांगून ठेवले, टिपणं काढली, शेवटच्या प्रकरणातला बराच भाग स्वतः लिहून ठेवला. २००७ मध्ये तो गेला. त्याची बायको हॅरिएट त्याची संपादकही होती. तिने सँडरसनने लिहिलेला मृत्युलेख वाचला आणि काम त्याच्याकडे सोपवलं. एका पुस्तकाची तीन झाली, पण २०१३ला चौदावा भाग आला आणि गोष्ट संपली. मरणाऱ्या माणसाने वाचकाचा विचार केला. आणखी काय पाहिजे?

गावठाण

जॉर्डनचं मान्य. नाइलाजाने मान्य. पण मधल्या भागांचं काय? दहाव्यात पानंच्या पानं उलटावी तरी कुणी जागचं हलत नाही. तेही वेळेवर छापण्याचंच फळ. रात्रपाळी, मी वाचकाला तोंडावर तसं म्हणणार नाही, एवढं तुमचं खरं.

काळा कावळा

मूळ मुद्दा राहिला बाजूला. मालिका अपुरी आहे म्हणून आहे ते पाच भाग पोरकट होतात का?

रात्रपाळी

होतात, माझ्यापुरते होतात. नेडला मारणं सोपं. सगळं उद्ध्वस्त केल्यावर कोण कसं जगतं ते लिहिणं अवघड, आणि ते टोल्किनने लिहून पुरं केलं. पिंपळपान यांनी वर शायरचं सांगितलंच आहे.

मधली सीट

एवढा वेळ वाचतेय. टोल्किन, मार्टिन, सँडरसन, जॉर्डन, रॉथफस, ॲबरक्रॉम्बी. ल ग्विनचा उल्लेख एकदा झाला, तोही तिने मुलावर लिहिलेल्या पुस्तकाचा. फँटसीचा धागा निघाला की हे दर वेळी होतं आणि मला त्याचा मनस्वी संताप येतो.

'प्रौढ' फँटसी हवी आहे ना? ल ग्विनचीच १९९०ची 'तेहानू' घ्या. त्याच बेटांच्या जगातली, फक्त आता नायिका मध्यमवयीन विधवा आहे. शेत आहे, शेळ्या आहेत. भाजून टाकून दिलेली एक मुलगी तिने घरी आणलीय. महान जादूगार गेडची शक्ती संपलीय आणि त्याला स्वतःची लाज वाटतेय. तिचा तरणाताठा मुलगा घरी परततो आणि जेवलेलं ताट उचलणं आपलं काम नाही असं धरून चालतो. मी ते पान सासरच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून वाचलं होतं, बाहेर पंगत बसलेली. बलात्कार आणि मुंडकी मोजून प्रौढत्व ठरवणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

रॉबिन हॉबचा नायक फिट्झ १९९५ पासून २०१७ पर्यंत वाचकांच्या सोबतीने म्हातारा झाला, आणि ती मालिका संपलीसुद्धा, रात्रपाळी. जेमिसिनच्या 'ब्रोकन अर्थ'च्या तिन्ही भागांना ओळीने तीन वर्षं ह्यूगो पारितोषिक मिळालं, २०१६, १७, १८. आधी कुणालाही जमलं नव्हतं. हे सगळं सोडून इथे ग्रिमडार्कची वयोमर्यादा चाललीय. रोमँटसीचं, म्हणजे प्रेमकथेच्या फँटसीचं नाव काढलं तर इथलेच लोक नाकं मुरडतील, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी सारा मासचं एक पानही उघडलेलं नसेल.

काळा कावळा

बलात्कार मोजून प्रौढत्व ठरवतो असं मी कुठे लिहिलंय? दाखवा. नाहीतर शब्द मागे घ्या.

मधली सीट

'मार्टिन वास्तव दाखवतो' हे कायम त्याच प्रसंगांच्या समर्थनार्थ ऐकत आलेय. तुम्ही तसं लिहिलं नसेल तर तुमच्यापुरतं मागे घेते. बाकीच्यांसाठी तसंच ठेवते.

वाघूळ

अवांतर आहे, पण मराठी माणसं भांडतायत आणि मराठीचा म नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टी, हळब्यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८), आपली कादंबरी उभी राहिली ती अद्भुतावरच. नाथमाधवांचा 'वीरधवल' माझ्या आजोबांनी इतक्या वेळा वाचला की बांधणी दोनदा करून घेतली. पण हळबे-रिसबुडांनंतर हरिभाऊ आपटे आले, वास्तव आलं, आणि अद्भुत म्हणजे पोरांचं असं आपण ठरवून टाकलं. चिपळूणकर आणि नाथमाधव वाचून वाढलेल्या घरात काळा कावळा यांचा तो मूळ प्रतिसाद ऐकवला असता तर आजोबांनी जेवण सोडलं असतं. आमच्याकडे हे भांडण शंभर वर्षांपूर्वी झालं आणि चुकीची बाजू जिंकली. धारपांनी भयाच्या वाटेने थोडं परत आणलं, तेवढंच.

गावठाण

वाघूळ यांना दंडवत. पण हरिभाऊंना दोष देऊ नका. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिण्याची गरज होती.

पिंपळपान

काळा कावळा, ऑर्क्सबद्दल उत्तर राहिलं होतं. तिथे तुमच्या शब्दात वजन आहे. टोल्किन स्वतःही त्यांच्या उगमाबद्दल शेवटपर्यंत समाधानी नव्हता. ते भ्रष्ट केलेले एल्फ की आणखी काही, यावर त्याची टिपणं बदलत राहिली. धार्मिक माणूस होता, अख्खी जमात मुळातच वाईट हे त्याच्या श्रद्धेत बसत नव्हतं आणि गोष्टीला तर शत्रू हवा होता. पण ज्या लेखकाला हा पेच आयुष्यभर टोचत राहिला त्याला शाळकरी म्हणू नका. दोन ऑर्क, शग्राट आणि गोरबाग, साहेबांना शिव्या देत बसतात आणि युद्ध संपलं की कुठेतरी वरिष्ठांपासून लांब आपापला धंदा करू म्हणतात, ते संभाषण तुमच्या तीन वाचनांत कसं निसटलं?

काळा कावळा

निसटलं नाही. आठवतंय, आणि चांगलं आहे. पण ते दोघे पानभर बोलतात आणि लगेच त्यांच्या टोळ्या एकमेकांना कापून टाकतात. मार्टिनने त्यातल्या एकाला स्वतःचं प्रकरण दिलं असतं. 'शाळकरी' मागे घेतो. 'आळशी'ही, निवडुंग यांनी सँडरसनचाच दाखला दिला म्हणून. करधोरणाचं अजून कुणी बोललेलं नाही.

मधली सीट

आणि 'तेहानू'बद्दलही. वाचणार आहात का, तेवढं सांगा.