अनुभव धागा: आजाऱ्याच्या आणि दुःखाच्या घरी भेटीला जाताना

एकमेकांना धीर द्या, हे चर्चमधल्या उपदेशात दर महिन्याला येतं. घरभेट करायची कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही. आपल्या ख्रिस्ती मंडळीत किंवा धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हे काम नेमाने करणाऱ्यांनी इथे लिहावं. साक्षीसाठी, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, वेगळा धागा आहे. इथे कृती हवी: किती वेळ बसायचं, काय न्यायचं, काय बोलायचं नाही, कुठे बिघडतं.

अहिल्यानगर, स्त्री मंडळ

दोघी जा, फार तर तिघी. सहाजणी गेल्या की घरातल्या बाईला चहाचं आधण ठेवावं लागतं आणि आजारी माणूस उठून बसायची धडपड करतो. आधी फोन करून वेळ विचारा. सकाळ अंघोळ-औषधांत जाते, दुपारी डोळा लागलेला असतो, पाचनंतर बरं. भेट वीस मिनिटांची. निम्मा वेळ त्यांचं ऐका, मग बायबलमधलं वचन, दोन-तीन मिनिटांची प्रार्थना, आणि उठा. स्तोत्र १२१ आठच वचनांचं आहे, थकलेल्या माणसाला पेलतं. १०३ सुंदर आहे, पण बावीस वचनं होईपर्यंत तो दमतो.

प्रार्थनेत नेमकं मागा: आज रात्री झोप लागू दे, उद्या केमोच्या वेळी शीर नीट सापडू दे. ‘प्रभू तुम्हाला नक्की बरं करणार’ असं आपल्या पदरचं वचन देऊ नका. तब्येत ढासळली की तो माणूस आपल्याला टाळायला लागतो, कारण त्याला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं असं आहे. बोलावणं त्याचं, हेही ध्यानात ठेवा.

आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती! तिला उपासनेला येऊन महिने झालेले असतात. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटल्यावर कुणी सांगत नाही. ‘रविवारी नऊ ते बारा मी बसते, तुम्ही देवळात जाऊन या’ असं म्हणा. आदल्या दिवशी औषधांच्या वेळा आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून घ्या.

वसई, आजाऱ्यांना परमप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नेणाऱ्यांपैकी

तयारी थोडीच: छोटं टेबल, पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी, चमचा. घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती पेटवायची नाही, कितीही आग्रह झाला तरी. गिळायला त्रास असेल तर परमप्रसादाचा अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर द्यावा. घरच्यांना आधी विचारून घ्यावं, कारण काहींना पाण्यानेच ठसका लागतो. परमप्रसादाआधी एक तासाच्या उपवासाची अट आजाऱ्यांना, वृद्धांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना नाही. मधुमेही आजी उगाच उपाशी बसून राहतात.

तैलाभ्यंगासाठी (आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्कारासाठी) धर्मगुरूंना शेवटच्या घटकेला बोलवायची जुनी सवय अजून जात नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्पष्ट केलं आहे की हा संस्कार फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही. मोठ्या शस्त्रक्रियेआधी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही. शुद्धीवर असताना घेतला तर आजारी माणूस स्वतः प्रार्थनेत सहभागी होतो. घरच्यांना वाटतं, फादर दारात दिसले की पेशंट घाबरेल. म्हणून एरवीही त्यांचं येणं-जाणं ठेवावं.

पुणे, दफनाच्या वेळी धावपळ करणारा

पहिल्या दिवशी घरच्यांना वचनं नकोत, हात हवेत. एकाने फोन घ्यावेत, एकाने पाळकांशी (पास्टरांशी) बोलून वेळ आणि दफनभूमीतली जागा ठरवावी, एकाने डॉक्टरांचा दाखला आणि आधारच्या प्रती सांभाळाव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. उशीर झाला की शुल्क आणि जादा कागद मागे लागतात. नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. बाप्तिस्म्याचं नाव एक आणि आधारवरचं दुसरं, हा घोळ आपल्याकडे फार. पुढे पेन्शन आणि विमा त्यावरच अडतो.

‘देवाला आवडला म्हणून नेला’ हे लहान मुलांसमोर तर अजिबात म्हणू नका. बायबलमधल्या दुःखी इयोबाला भेटायला आलेले मित्र सात दिवस गप्प बसले तेवढं बरोबर केलं, तोंड उघडल्यावर बिघडलं. (आपल्या स्मरणसभांतले काही वक्ते पुढचाच भाग गिरवतात.)

खरी गरज पाहुणे गेल्यावर सुरू होते. तीन आठवड्यांनी डबे बंद होतात, तेव्हा आठवड्यातले दोन वार वाटून घ्या. वहीत दोन तारखा लिहून ठेवा: लग्नाचा वाढदिवस आणि पहिला नाताळ. त्या दिवशी एक फोन पुरतो.

सोलापूर, गायन मंडळ

गाणं दोन कडव्यांचंच, आणि पट्टी खाली ठेवा. झोपून गाणाऱ्याचा श्वास पुरत नाही. नवी कोरस गाणी तरुणांना ठीक, म्हाताऱ्यांना टिळकांची भजनं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणावर लिहिलं, त्यामुळे पेटी नसली तरी टाळांवर निभतं. विसरभोळेपणा वाढलेल्यांना आपली नावं आठवत नाहीत, पण ओळखीची चाल लागली की पुष्कळदा पुढचे शब्द तेच म्हणतात. थोडं थांबून त्यांना म्हणू द्या. रुग्णालयात शेजारच्या खाटेवाल्याला विचारल्याशिवाय गाऊ नका. वचन हळू वाचलेलं पुरे.

दुबई, फोनवरून भेट घेणारी

व्हिडिओ कॉलमध्ये म्हाताऱ्यांचा जीव फोन धरण्यातच जातो. साधा फोन करा, आणि प्रार्थना दीड-दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये वेगळी पाठवा. रात्री झोप आली नाही तर पुन्हा ऐकता येते. वार ठरवा आणि पाळा. तीनदा वाट बघायला लावली की चौथ्यांदा ती माणसं ‘आम्ही बरे आहोत’ म्हणून फोन ठेवतात.

अहिल्यानगर, स्त्री मंडळ

पैशांचं राहिलंच. पाकीट भेटीच्या वेळी सगळ्यांसमोर देऊ नका, आणि प्रार्थनेत तर त्याचा उल्लेखही नको. औषधांच्या दुकानात त्यांच्या खात्यावर भरलं तर घेणाऱ्याला अवघडत नाही. हिशेब दोघींनी ठेवावा. व्हॉट्सॲपवर प्रार्थनेचा विषय टाकण्याआधी विचारा: आजाराचं नाव टाकू का, की नुसतं ‘तब्येतीसाठी’ लिहू? लग्नाच्या मुलीचा आजार गटावर गेला की पुढे काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. आणि खाटेवरच्या माणसाचा फोटो नको.