हार्टच्या लॅबमध्ये असिस्टंटची जागा, घ्यावी का?

राजारामपुरीकर: बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, इथंच हृदयविकारावरच्या लॅबमध्ये असिस्टंटची जागा आलीय, घरचे म्हणत्यात बँकेच्या परीक्षा दे, नक्की काम काय असतंय ओ?

पेशीवाली: निम्मा वेळ पेशी सांभाळण्यात जातोय बघ. एच९सी२ म्हणजे उंदराच्या हृदयाच्या पेशी, ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया म्हणजे पेशींना पोसणारं पातळ द्रावण बदलायचं, मग रविवार असो नाहीतर जोतिबाची यात्रा. आणि त्या धडधडत नाहीत बरं का, धडधडणाऱ्या पाहिजेत तर उंदराच्या नवजात पिल्लांच्या हृदयातनं बऱ्याचदा काढत्यात.

तांबडापांढरा: भावा, मुदत बघ आधी, प्रोजेक्ट संपला की नोकरी संपती. पीएचडी करायची असंल तरच जा.

राजारामपुरीकर: उंदीर हातात धरायला लागणार? आई घरात घ्यायची नाही.

पेशीवाली: ट्रेनिंग देत्यात रे, एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय हात पण लावता येत नाही.