टेनिसचे व्हिडिओ गेम : काय जमलं, काय राहिलं? तुमचे अनुभव लिहा

सायली_क
काल माळा आवरताना खोक्यात दादाचा जुना वायरलेस कंट्रोलर सापडला. डावीकडच्या स्टिकचं रबर झिजून गुळगुळीत झालंय. त्यावर अंगठा ठेवला आणि हातातलं काम तसंच राहिलं. २००७ साल, व्हर्च्युआ टेनिस ३, दादा फेडरर आणि मी नदाल!

पहिला कंट्रोलर त्याचा, म्हणून कोर्टाची अलीकडची बाजू त्याची आणि पलीकडची माझी. एकाच टीव्हीवर दोघं खेळलेल्यांना हे दुःख सांगायला नको. पलीकडचा खेळाडू चिमुकला दिसतो, शिवाय तोंड आपल्याकडे, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फोरहँड स्क्रीनवर डावीकडे जातो. माझा नेहमी गोंधळ व्हायचा. मग लक्षात आलं की नदाल डावखुरा आहे, त्याचा फोरहँड पलीकडूनही उजवीकडेच येतो. तेव्हापासून मी दुसरं कुणी घेतलंच नाही.

त्या गेमने मला एक गोष्ट पक्की शिकवली. चेंडू नेटपलीकडे असतानाच बटण दाबलं तर फटका खणखणीत बसतो, उशीर झाला की नुसताच परत जातो. पुढे खरं टेनिस शिकायला गेले तेव्हा सरांचं पहिलं वाक्य होतं, "रॅकेट आधी मागे घे." ते मला आधीच ठाऊक होतं! पण गेममध्ये चेंडू बाहेर जायचाच नाही जवळपास. खऱ्या कोर्टवर पहिला महिनाभर माझे निम्मे फटके रेषेबाहेर. आणि दुसऱ्या सर्व्हिसला हात कसा आखडतो, ते कुठल्याच बटणात नव्हतं.

तुमचं काय? तुमच्या गेमने काय दिलं, काय दिलं नाही?

निशाचर
सर्व्हिसचा जोर दाखवणारा पट्टा वर चढायचा आणि बरोब्बर टोकाला थांबवला की 'मॅक्स'!! तो आवाज अजून कानात आहे.

अबोली
नदालची युक्ती भारी आहे गं सायली. आमच्याकडे पलीकडच्या बाजूवरून इतकी भांडणं झाली की शेवटी दोघी बहिणी डबल्समध्ये एकाच बाजूला खेळायला लागलो.

जुना_भिडू
आमचं उलट होतं. ८ बिटवाला टेनिस, १९८४ चा, खुर्चीवर पंच म्हणून मारिओ बसलेला. दोन कंट्रोलर होते, पण दोघांनी मिळून कॉम्प्युटरविरुद्ध डबल्सच खेळता यायचं. आम्हा भावांना समोरासमोर यायचं होतं आणि गेम एका बाजूला उभं करायचा. तेव्हा फार राग यायचा. आता वाटतं, आयुष्यात आम्ही दोघांनी एका संघातून खेळलेला तो एकच खेळ. भाऊ लांब राहतो आता. असो.

ऋता
@जुना_भिडू, फोन करा त्यांना आजच.

बेसलाइन
घाईत लिहितोय, मुलाला क्लासला सोडायचंय. व्हर्च्युआ म्हणजे मजा आणि टॉप स्पिन हा दुसरा गेम म्हणजे अभ्यास, असं माझं मत. टॉप स्पिन ४ मध्ये (२०११) बटण नुसतं टिचकवलं की नेमका फटका, धरून ठेवलं की ताकदीचा. म्हणजे प्रत्येक चेंडूला ठरवायचं, नेम हवा की जोर. टेनिस हेच तर आहे! शिवाय दमसुद्धा लागतो. लांब रॅली झाली की खेळाडूचे पाय जड होतात. नवख्याला मात्र पहिले दोन तास काहीच जमत नाही, माझ्या बायकोने तिथेच सोडून दिला. बाकी रात्री लिहितो.

अबोली
व्हर्च्युआमध्ये सर्व्हिस करून बोलिंगच्या पिना पाडायच्या, ते कुणाला आठवतंय का? आम्ही सामने कमी आणि पिनाच जास्त पाडल्या.

निशाचर
पिना!!! +१

ऋता
वी स्पोर्ट्सचं नाव कुणीच कसं नाही घेतलं? २००६ चा. खेळाडू आपोआप धावतो, आपण फक्त रिमोट धरलेला हात रॅकेटसारखा फिरवायचा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला महिनोन्महिने बाहेर पडता येत नव्हतं. ती आयुष्यभर बॅडमिंटन खेळलेली, घरात बसून अगदी कोमेजली होती. खुर्चीत बसून ती हे टेनिस खेळायची आणि पॉइंट घेतला की "हां!" असा आवाज काढायची. तो आवाज आम्ही कितीतरी दिवसांनी ऐकला.

दोष सांगायचा तर मनगटाला नुसता झटका दिला तरी पुरतं, पूर्ण हात फिरवायची गरजच नसते. माझ्या भाच्याला ते कळल्यावर तो सोफ्यावर आडवा पडून जिंकायला लागला. आई मात्र शेवटपर्यंत पूर्ण हात फिरवत राहिली.

सायली_क
ऋता, आईचं वाचून डोळे भरून आले. आता कशा आहेत त्या?

ऋता
मजेत! रोज चालायला जाते :)

कोर्टवाला
मी मुलांना टेनिस शिकवतो. गेम खेळून आलेली मुलं चटकन ओळखू येतात. फटका मारून ती जागेवर थांबत नाहीत, लगेच मध्याकडे परततात. गुणमोजणी, टायब्रेक (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम), कोन उघडणं म्हणजे समोरच्याला बाजूला खेचणं, हे सांगावं लागत नाही. मातीच्या कोर्टवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो, गवतावर सपाट सरकतो, तेही माहीत असतं. पण पायांची छोटी छोटी पावलं त्यांना माहीतच नसतात. गेममधला खेळाडू ती स्वतः टाकतो ना! चेंडूजवळ जाऊन नेमकं अंतर साधणं हा निम्मा खेळ आहे, आणि स्टिक ढकलून तो येत नाही. वारा आणि डोळ्यांवर येणारं ऊन, हे तर सोडाच.

बेसलाइन
@कोर्टवाला, छोट्या पावलांचं अगदी पटलं. माझी रात्रीची पोस्ट तुम्हीच लिहिलीत.

निशाचर
थोडं अवांतर. २०१० च्या विम्बल्डनमधला इस्नर-माहू सामना मी थेट पाहिला होता. तीन दिवस, ११ तास ५ मिनिटं, पाचवा सेट ७०-६८. मग गेममध्ये मित्राबरोबर तसा सेट खेळायचा बेत केला. १३-१२ ला अंगठ्याला फोड आला आणि आम्ही थांबलो. आता तर चारही ग्रँड स्लॅममध्ये शेवटच्या सेटला ६-६ झाले की १० गुणांचा टायब्रेक असतो, २०२२ पासून.

जुना_भिडू
इतिहास निघालाच आहे म्हणून सांगतो. १९७२ च्या पाँग या व्हिडिओ गेमच्याही आधी, १९५८ साली, विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, टेनिसचा गेम करून दाखवला होता. बाजूने दिसणारं कोर्ट, मध्ये नेट. चेंडू गुरुत्वाकर्षणाने खाली यायचा आणि नेटला लागून परतही यायचा. पाँगमध्ये नेट म्हणजे नुसती तुटक रेघ!

अबोली
@जुना_भिडू, हे माहीत नव्हतं. भावाला फोन केलात का?

मितवा_७
मला ऑनलाइनचा त्रास सांगायचाय. टेनिस म्हणजे सगळं टायमिंग, आणि इंटरनेट जरा अडखळलं की चेंडू रॅकेटच्या आत दिसतो. एका गेममध्ये तर एकट्याने करिअर खेळायलाही इंटरनेट लागायचं. तीन आठवडे घडवलेली माझी खेळाडू आणि फायनलच्या दिवशी सर्व्हर बंद. मी कोर्टवर नसताना कुणीतरी दिवे घालवल्यासारखं वाटलं.

बेसलाइन
अरेरे. मित्रा, समजू शकतो.

कोर्टवाला
सायली, तो कंट्रोलर चालतो का अजून?

सायली_क
नाही ना. सेल आतच राहिले होते, स्प्रिंगवर पांढरी भुकटी आली आहे.

मितवा_७
अल्कलाइन सेल असतील तर हातमोजे घाल, कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन थेंब घे आणि हलकेच पूस. मग ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळू दे. घाई करू नकोस.

जुना_भिडू
केला फोन. पाऊण तास बोललो. त्यालाही मारिओची खुर्ची आठवत होती.

सायली_क
जुना_भिडू, किती छान!!
आणि माझाही दिवा लागला! स्प्रिंग स्वच्छ झाली, नवे सेल घातले. दादाला फोटो पाठवला तर लगेच उत्तर आलं, "शनिवारी येतो. पलीकडची बाजू तुझीच ना?"
मी कळवलंय, पहिला कंट्रोलर माझ्याकडे आहे.