शांप्लँची बायको एलेन बूले: १२ व्या वर्षी लग्न, मग पुढे?

मेघश्याम: कॅनडातलं क्वेबेक वसवणाऱ्या फ्रेंच सॅम्युएल द शांप्लँचं लग्न १६१० मध्ये १२ वर्षांच्या एलेनशी झालं, असं वाचलं. एवढ्या लहान मुलीशी लग्न करून त्याला काय मिळालं? आणि ती क्वेबेकला राहिली का?

जुनी_कागदपत्रे: पैसा आणि दरबारातली ओळख. एलेनचे वडील निकोला बूले राजाच्या खासगी महालाचे सचिव. करार २७ डिसेंबर १६१० चा, लग्न ३० डिसेंबरला पॅरिसच्या सँ-जर्मँ-लोसेरवा चर्चमध्ये. हुंडा ६,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन), त्यातले ४,५०० आदल्याच दिवशी हातात. सफरींना सतत भांडवल लागणाऱ्या माणसाला ही रक्कम मोठीच. मुलगी लहान, म्हणून दोन वर्षं एकत्र नांदायचं नाही, अशी अट करारातच होती. लोक नुसतं वय सांगतात आणि ही अट विसरतात, तिथेच गफलत होते. अर्थात अट होती म्हणून लग्न तिच्या मनाचं ठरत नाही. नवऱ्याला सोडून गेली म्हणून आईवडिलांनी १६१४ मध्ये तिला वारसातून बेदखल केलं होतं.

रेवा: राहिली, चार वर्षं. १६२० मध्ये तीन दासींसह गेली. भाऊ युस्ताश तिथे आधीच होता. वसाहतीचं घर इतकं मोडकळीला आलेलं की पाऊस चहूबाजूंनी आत यायचा, हे खुद्द शांप्लँने लिहून ठेवलंय. १६२४ मध्ये ती फ्रान्सला परतली, पुन्हा गेली नाही. तिच्या कमरेच्या आरशात आपला चेहरा पाहून तिथले मूळ रहिवासी हरखायचे, ही गोष्ट उर्सुलाइन या कॅथलिक जोगिणींच्या मठातल्या परंपरेतून आलीय. शांप्लँच्या लिखाणात ती शोधत बसू नका. त्यात बायको जवळजवळ नाहीच, हे मला फार खटकतं.

मेघश्याम: मग तिने स्वतःच्या मर्जीने काही केलंच नाही?

जुनी_कागदपत्रे: केलं, पण नवरा वारल्यावर. कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंट) घरात वाढलेली ही मुलगी लग्नानंतर कॅथलिक झाली. शांप्लँ २५ डिसेंबर १६३५ ला क्वेबेकात वारला. १६४५ मध्ये ती पॅरिसच्या उर्सुलाइन मठात दाखल झाली, नाव घेतलं एलेन द सँ-ऑगस्तँ. १६४८ मध्ये फ्रान्समधल्याच मो गावी मठ उभारला आणि १६५४ मध्ये तिथेच वारली. तुम्हाला तिचं आयुष्य समजून घ्यायचं असेल, तर क्वेबेकची चार वर्षं बाजूला ठेवून मोच्या मठापासून वाचायला घ्या.